‘तेजस’च्या आधी ‘मरुत’

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘तेजस’ हे भारतात बनलेले पहिले लढाऊ विमान असल्याचे वाचले आणि हातातला चहा निवून गेला. तेजस पहिल्यांदा उडाले २००१ साली. त्याच्या चाळीस वर्षे आधी, १७ जून १९६१ रोजी, बंगळूरला ‘मरुत’ हे भारतातच बनलेले लढाऊ विमान उडाले होते. माझ्या वडिलांचा हात लागलेले विमान आहे ते, म्हणून जरा जास्तच लागले.

वडील विजयदुर्गचे, मचवे बांधणारे मेस्त्री. पोटासाठी बंगळूरला विमान कारखान्याच्या सुतारखात्यात गेले. धातूचे विमान करण्याआधी त्याच मापाचे लाकडी ग्लायडर करून पाहिले होते. त्याला इंजिन नाही. डाकोटा विमानाने ओढत वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. १९५९ साली चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी ते उडवले. वडील सांगत, पॉलिश पेपर मारून झाला की डोळे मिटून पंखावरून तळवा फिरवायचा, डोळ्याला न दिसलेला उंचवटा हाताला कळतो. वाघोटणच्या खाडीत शिकलेली विद्या! “पाणी काय नि वारो काय, आंग गुळगुळीत व्हया,” एवढेच त्यांचे विमानशास्त्र.

या विमानाचे रचनाकार कुर्ट टँक. (आडनाव टँक, पण जन्मभर केली विमानेच.) जर्मनीचे गाजलेले फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान त्यांचेच. स्वतः केलेले विमान स्वतः उडवून बघणारा हा माणूस. युद्धाच्या अखेरीस त्यांच्या विमानामागे अमेरिकन मस्टँग लढाऊ विमाने लागली, तेव्हा इंजिनाचा जोर वाढवणारे मेथॅनॉल-पाण्याचे मिश्रण सोडून टँक त्यांच्या हातावर तुरी देऊन निसटले, असे सांगतात. युद्धानंतर नाव बदलून अर्जेंटिनात गेले, तिथे जेट विमान केले. १९५५ साली तिथली पेरॉन राजवट कोसळली आणि दुसऱ्या वर्षी टँक भारतात आले. त्यांची विमाने कुणाच्या राजवटीसाठी लढली ते मी विसरलेलो नाही, त्यांना देव्हाऱ्यात बसवा असेही म्हणत नाही. वडिलांनीही त्यांना लांबूनच पाहिले. पण पोटासाठी मुलूख सोडणे आम्हा कोकणातल्यांना नवे नाही, त्यामुळे या परक्याबद्दल आमच्या घरात थोडी आपुलकी होती, हे खरे.

मरुत फसले म्हणणाऱ्यांना एक सांगायचे आहे. आराखडा आवाजाच्या दुप्पट वेगाचा होता. त्यासाठी हवे असलेले ब्रिटिश इंजिन पुढे पैशांअभावी तयारच झाले नाही. मग कमी ताकदीच्या दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवले. मोठ्या मचव्याला होडीचे शीड लावल्यासारखेच ते! तरी १४७ विमाने बनली आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढली. सुरंजन दास मात्र त्याआधीच, जानेवारी १९७० मध्ये, मरुतच्याच अपघातात गेले. त्यांचे नाव तरी पुरवणीत यायला हवे होते.

चुकीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मरुत ठेवलेले आहे. गणपतीला गावी आलेल्या नातवाला सांगून ठेवले आहे, परत गेलास की बघून ये आणि पंख कसा आहे ते मला फोनवर सांग.

आपला,
एक जुना वाचक
विजयदुर्ग, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग