बारीक सुयांच्या स्वेटरला कुठलीही लोकर चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या धाटणीच्या स्वेटरांवर लेख आला होता, फोटो बघून जीव हरखला, पण शेवटी शेवटी "लोकर कुठलीही चालते, सुईचा नंबर तेवढा जुळवा" असं एक वाक्य आहे ना, तिथे मी अडले ती अडलेच. कुठलीही नाही चालत हो. आणि नुसता नंबर जुळवूनही भागत नाही. या दोन्ही चुका मी स्वतः करून, उसवून, परत करून बसलेय म्हणून लिहितेय.

आधी नंबराचं. १९३० आणि ४० च्या दशकातले ते कमरेपर्यंतचे जंपर, म्हणजे डोक्यातून घालायचे स्वेटर, त्यांचे बरेचसे पॅटर्न ब्रिटिश आहेत आणि जुन्या ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन, १४ म्हणजे तर २ मिलिमीटर. अमेरिकन नंबर बरोबर उलटे, नंबर वाढला की सुई जाड, तिथली १० नंबरची सुई ६ मिलिमीटरची! मी पॅटर्नवर १० वाचलं, हाताशी असलेली १० घेतली, ती निघाली अमेरिकन, चार इंच विणून झाल्यावर समोर धरलं तर आरपार दिसतंय, मासे धरायला बरं पडलं असतं. तेव्हापासून सुईवरचा नंबर वाचतच नाही, भोकांची मापपट्टी असते त्यातून सुई घालून बघते आणि मिलिमीटर वहीत लिहून ठेवते.

आता लोकर, खरं दुखणं तिथेच आहे. जुने पॅटर्न तीन प्लाय नाहीतर चार प्लाय, म्हणजे तीन-चार पदरी बारीक लोकरीचे, इंचाला साडेसात-आठ टाके. हल्ली सहज मिळते ती डबल निटिंग नावाची जाड लोकर, ती इंचाला साडेपाच टाके बसते. हिशोब करून बघा, ३४ इंच छातीच्या जंपरला इंचाला आठ टाक्यांनी पुढचा-मागचा मिळून २७२ टाके होतात. तेच २७२ टाके डबल निटिंगने घातले तर घेर साडेएकोणपन्नास इंच! एवढं टोक जाऊ द्या, इंचाला आठऐवजी नुसते सात बसले तरी ३४ चे जवळपास ३९ होतात. एका टाक्याचा फरक, पाच इंच. म्हणून मी सहा इंचाचा चौकोनी तुकडा विणते, धुते, वाळवते आणि मग मधले चार इंच मोजते, कडेचे नाही, कडा खोटं बोलतात. मैत्रिणी म्हणतात एवढ्या वेळात बाही झाली असती. झाली असती, पण कुणाच्या मापाची?

आणि जाड लोकरीला टाके कमी करून माप बसवलं तरी ते रूप येत नाहीच. या जंपरांची सगळी मजा शिवलेल्या कपड्यासारख्या बेतण्यात आहे, खाली साडेतीन-चार इंचांची घट्ट बॉर्डर, ती दोन नंबरांनी बारीक सुईवर, मग काखेपर्यंत हळूहळू वाढवलेले टाके, मुंढ्याला नीट कापल्यासारखा आकार, बाहीच्या डोक्याला चुण्या. बारीक टाका असला की या वळणांना जागा मिळते. जाड टाक्यात त्याच वळणाच्या पायऱ्या दिसतात. उंची आखूड का, तर तेव्हाचे स्कर्ट आणि पँट उंच कमरेच्या, स्वेटर तिथे येऊन थांबायचा. आजच्या खाली उतरलेल्या कमरेच्या जीन्सवर तोच घातला की पोट उघडं आणि मग लोक म्हणतात पॅटर्न चुकलाय.

युद्धाच्या काळाचाही यात मोठा हात आहे. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आलं ते थेट १९४९ पर्यंत राहिलं, सुरुवातीला माणशी वर्षाला ६६ कूपनं आणि विणायच्या लोकरीला दोन औंसांना एक कूपन. मग काय, आखूड बाह्या, जाळीची वीण, उरल्यासुरल्या लोकरीचे पट्टे, जुना स्वेटर उसवून नवा. उसवलेली लोकर नागमोडी होते, तिची लड करून धुवायची आणि खाली थोडं वजन लावून टांगायची की सरळ होते, हे मी आजही करते, सुंदर जमतं. आज आपल्याला त्यातले पट्टे हौसेचे वाटतात, तेव्हा लोकर पुरत नव्हती म्हणून पट्टे होते.

कुठली लोकर घ्यावी यावर माझं मत ठाम आहे, कुणाला आवडो न आवडो. शुद्ध लोकर, बारीक, चांगला पीळ दिलेली. लोकरीला अंगचा कुरळेपणा असतो म्हणून ती ताणली की परत येते आणि बॉर्डर कमरेला धरून बसते. सुती धाग्याला ते जमत नाही, चार वेळा घातला की बॉर्डर लोंबते. अ‍ॅक्रेलिकचं दुखणं वेगळंच, ओलं करून पिना लावून आकार दिला तरी वाळल्यावर ते आपल्या मूळ जागी जातं आणि इस्त्रीची वाफ जास्त लागली तर कायमचं मरतं, लुळं पडतं. मशीनमध्ये धुता येणारी लोकर तितकी वाईट नाही पण तिच्या तंतूवरचे खवले झाकलेले किंवा काढलेले असतात, त्यामुळे ती गुळगुळीत होते आणि पाण्यात गेली की वाढते, तुकडा धुऊन बघा म्हणते ते त्यासाठीच. फेअर आयल या स्कॉटिश बेटाची रंगीत नक्षी करायची तर तिथल्याच शेटलंड बेटांची खरखरीत लोकर बरी, एका ओळीत दोनच रंग असतात आणि उलट्या बाजूने जाणारे धागे एकमेकांना चिकटून राहतात. (१९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना तसला स्वेटर घातला आणि त्याची फॅशन सुटली, राजपुत्राला टोचत नव्हतं वाटतं.)

शिवाय प्लाय म्हणजे जाडी नव्हे, प्लाय म्हणजे पदर. तीन पदर जाडही असू शकतात आणि बारीकही. आणि जुन्या पॅटर्नवर लोकर औंसात दिलेली असते, एक औंस म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सात औंस म्हणजे साधारण २०० ग्रॅम, पण त्याने फसू नका, त्याच वजनात एका लोकरीची लांबी भरपूर आणि दुसरीची निम्मी असू शकते. लेबलवरचे मीटर बघायचे. एक गुंडा जास्तीचा, त्याच डाय लॉटमधला, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीतला, आधीच घेऊन ठेवायचा, नंतर मिळत नाही आणि मिळाला तर रंगात सूत एवढा फरक पडतो जो फक्त छातीवरच दिसतो.

मापाचं एक सांगायचं राहिलं. बरेचसे जुने पॅटर्न एकाच मापाचे, ३२ नाहीतर ३४ छाती. माझं माप ४० आहे, मी जाड सुई घेऊन मोठं करायला गेले तर गळा इतका मोठा झाला की खांद्यावरून घसरायला लागला. टाके वाढवायचे ते अंगात, गळ्याला हात लावायचा नाही. आणि चाळीसच्या दशकातल्या बाहीच्या डोक्यात शोल्डर पॅडची जागा धरलेली असते, पॅड न लावता घातलं की ती चुण्यांची फुगी केविलवाणी खाली पडते, हे पॅटर्नवर कधी एका ओळीत लिहिलेलं असतं, कधी नसतंच.

तेव्हा विनंती अशी की पुरवणीत पुढे कधी पॅटर्न छापलात तर सुई मिलिमीटरमध्ये आणि इंचाला किती टाके हे दोन आकडे तेवढे ठळक छापा, बाकीचं आम्ही बघून घेऊ.

आणि हो, लेखासोबतच्या त्या हिरव्या जंपरच्या बाहीवर कुठली वीण आहे ते लेखिकेला विचारून कळवाल का? मी दोन रात्री भिंग घेऊन मोजतेय, सहा ओळी जमतात, सातव्या ओळीत दर वेळी एक टाका उरतोच.

आपली,
एक विणणारी वाचक