तीन की आठ

मुंबई, गुरुवार रात्र

प्रिय बाळ्या,

गणपतीत तू आला नाहीस, नंतर मी फोन केला नाही. फिटंफाट. तब्येत ठीक, शुगर तिथेच, गोळी एक वाढली. आता मुद्द्याचं ऐक. मारुतीच्या देवळामागचा दगड उघडा केलाय.

हो, तोच. आपला स्टंप. देवळाची मागची भिंत बांधताना मंडळाच्या पोरांना कुणीतरी सांगितलं, हे युद्धस्मारक आहे म्हणून. इतकी वर्षं त्यावर निवडणुकीची पोस्टरं, पिचकाऱ्या आणि दर दिवाळीला ऑइल पेंटचा नवा हात. वाचलं कुणी? आपल्यालाही बॉल दगडाला लागला की नाही एवढ्याशीच मतलब. (त्या दिवशी लागला नव्हता. तुझा अंगठा लागला होता. मी अजून नॉट आऊट आहे.)

पेंट आम्ही हळूहळू सोलत होतो. पिचकारीच्या डागांवर मुलतानी मातीचा जाड लेप द्यायचा, वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं, वाळला की काढायचा. डाग बराच ओढून घेतो. अर्धा दगड असा छान निघाला. तेवढ्यात मंडळातला एक उत्साही प्राणी संडास धुवायचं ॲसिड घेऊन आला. अरे, संगमरवर तो, चुन्याचाच भाऊबंद. इनोच्या पुडीसारखा फसफसला. मी बोंबलत पोचेपर्यंत खालची ओळ गेली होती.

वरची ओळ शाबूत आहे. इंग्रजीत, या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेली. खाली, त्यांतली इतकी कामी आली. यातलं ‘इतकी’ गेलं. रात्री मी टॉर्च अगदी दगडाला टेकवून आडवा धरला, म्हणजे खोलगट भागात सावली पडते. उजवीकडचे दोन गोल दिसतात. डावीकडे कधी रेघ वाटते, कधी नुसता खरखरीत दगड. कागद ठेवून पेन्सिल घासली, तरी तेच. तीन आहे की आठ, कळत नाही.

मंडळाला घाई आहे. वर काळा ग्रॅनाइट बसवायचा, सोनेरी अक्षरं, देणगीदारांची नावं, नगरसेवकाच्या हस्ते नारळ. आकड्याचं म्हटलं तर खजिनदार म्हणतो, "आठ टाका काका, आठ भरीव दिसतं." भरीव! म्हणजे तीन असतील तर घरी परत येऊन म्हातारे झालेले पाच गडी आपण मारायचे. आणि आठ असून तीन लिहिले तर पाच जण कुठे गेलेच नाहीत. त्या दगडाजवळ दुसरं आहेच काय? नाव एकाचंही नाही. गावोगावच्या या दगडांची रीतच ती, गेले किती, मेले किती, संपलं. तिकडे इराकमध्ये बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे, तिथेही गोऱ्यांची नावं कोरली आणि आपल्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. "नाव नाही तर कसलं स्मारक," असं तूच मागे म्हणाला होतास आणि मी तुला शहाणा म्हटलं होतं. असू दे.

तर आता नावंही टाकायची टूम निघाली आहे, आणि जो तो आपला पणजोबा घेऊन येतोय. टायग्याच्या घरच्यांनी त्यांचा आणला. अरे, ते गिरणीत जॉबर होते, खाटेवर गेले, तेराव्याची जिलबी आमच्या बाबांनी खाल्ली होती! मीटिंगमध्ये हे बोललो तर टायग्या आठ दिवस रिक्षा स्टँडवरून मान फिरवून जातो.

खरं नाव गावात एकच आहे बाळ्या, आणि ते तुझ्या आजीच्या लोणच्याच्या बरणीवर होतं. आठवतं ना ते झाकण? तळहाताएवढं, जड, काळपट पितळेसारखं. शिरस्त्राण घातलेली बाई, पुढे सिंह, कडेने इंग्रजी अक्षरं. आपण त्याला संस्थानाचा शिक्का समजायचो. ते ब्राँझचं. युद्धानंतर सरकारने मेलेल्या प्रत्येकाच्या घरी एक पाठवलं होतं, १३ लाखांवर ओतली होती तसली. सिंहाच्या डोक्यावरच्या चौकटीत फक्त नाव, हुद्दा नाही. साहेब काय नि शिपाई काय, सारखेच. आजी "बसऱ्याला गेले" एवढंच म्हणायची आणि आपण विचारलं की बरणी वर ठेवायची. इथल्याच बंदरातून गेले असणार, बसऱ्याच्या बऱ्याच बोटी मुंबईतून सुटायच्या.

ते नाव मिळालं तर युद्धकबरींच्या आयोगाच्या यादीत शोधता येईल. तिथे पलटण, तारीख, बऱ्याचदा बापाचं नाव आणि गावही असतं. साहेबाने आपल्या गावाचं स्पेलिंग कसं केलंय ते एकदा कळलं की बाकीचेही सापडतील. मग तीन की आठ, ठरेल. नुसतं गाव टाकून मी डोळे फोडून घेतलेत, काही लागत नाही.

आता अडचण तुला कळलीच असेल. वाटणीत बरणी सुधाआत्याकडे गेली. त्या खोलीवरून तुम्ही दोघं बोलत नाही, मला ठाऊक आहे, आणि त्यात चूक कुणाची यावर मी तोंड उघडणार नाही (आत्याची नाही). पण रविवारी मीटिंग आहे. तोवर मी दगडावर ताडपत्री बांधून ठेवली आहे आणि ग्रॅनाइटवाल्याला ॲडव्हान्स देऊ दिलेला नाही.

लेकीची ॲडमिशन झाली म्हणे, अभिनंदन. वहिनींचा गुडघा कसा आहे? नाशिकला थंडी पडली असेल.

तू आत्याला फोन कर. झाकणाचा फोटो हवा, पुढच्या बाजूचा, नाव वाचता येईल असा. मागे काही नसतं. तुला जमत नसेल तर शनिवारी मी ठाण्याला जातो, पण ती दारातच विचारणार, "बाळ्याने पाठवलं का?" काय सांगू, ते उद्यापर्यंत कळव.

तुझा,
पक्या