इंग्लंडात घराचा व्यवहार मोडतो तेव्हा: ताईंना आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ऑफिसातल्या कामाचे पैसे तुम्हाला मिळत आले आहेत. पण ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळी फोनवर, मराठीतून आणि बिल न लावता, घराचा व्यवहार मोडल्यावर काय करायचं हे तुम्ही जे समजावून सांगता, त्याचे आभार आजवर कोणी नीट मानले नाहीत. रेडिंग, स्लाउ, हॅरो, मिल्टन कीन्स इकडच्या आम्हा काही मराठी कुटुंबांचं हे पत्र त्यासाठी आहे. ते सगळ्यांना वाचता यावं असं लिहिलं आहे, कारण तुम्ही सांगता ते पुढच्या घराला लागणारच आहे. म्हणून नुसते धन्यवाद न देता, कशासाठी धन्यवाद तेही मांडतो.

घर हातचं गेलं म्हणून रडकुंडीला आलेला माणूस फोन करतो आणि तुम्ही त्याला आधी कायदा सांगता. ऐकायला कोरडं वाटतं, पण धीर त्यानेच येतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९८९ च्या कायद्याप्रमाणे घराचा करार लेखी आणि सह्यांनिशी झाल्याशिवाय तो करारच नाही. ऑफर मान्य झाली, एजंटने मेमोरँडम ऑफ सेल (ठरलेल्या व्यवहाराचा कागद) पाठवलं, सर्व्हे (घराची तपासणी) झाला, मॉर्गेज मंजूर झालं, तरी एक्स्चेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या. विसार पावती आणि साठेखत बघत मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना हे पटता पटत नाही. “शब्द दिला होता की!” असं सगळेच म्हणतात. तुम्ही शांतपणे दुसरी बाजू दाखवता: विसार नाही, म्हणून अडकलेला पैसाही नाही. स्टॅम्प ड्यूटी इंग्लंडात कम्प्लीशननंतर (सगळे पैसे देऊन ताबा घेतल्यावर) १४ दिवसांत भरायची असते, म्हणजे तीही गेलेली नाही. गेले ते सर्च (काउन्सिल वगैरेंकडे त्या घराची केलेली चौकशी), सर्व्हे आणि वकिलाच्या कामाचे पैसे. ते मोजता येतात आणि काही थांबवताही येतात.

एक्स्चेंजनंतर मोडलं तर गोष्ट वेगळी. तिथे साधारण १० टक्के डिपॉझिट पणाला लागलेलं असतं, आणि ठरल्या दिवशी पैसे पोचले नाहीत तर नोटीस टू कम्प्लीट (व्यवहार पूर्ण करा अशी नोटीस) येऊन सहसा १० कामाचे दिवस मिळतात. अशा माणसाने त्याच दिवशी आपल्या सॉलिसिटरसमोर (वकिलासमोर) जाऊन बसावं. स्कॉटलंडची पद्धतही निराळी, तिथे मिसिव्ह्ज (दोन्ही वकिलांमधली कराराची पत्रं) पूर्ण झाली की दोघंही बांधले जातात. खालचं सगळं इंग्लंड-वेल्सचं, एक्स्चेंजच्या आधीचं.

तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला: का मोडलं? “सेलरने माघार घेतली” एवढ्यावर तुम्ही कोणाला थांबू देत नाही. एजंटला मेल करून कारण लेखी मागायला लावता, कारण उपाय कारणावर ठरतो. सेलरला पुढचं घर मिळालं नाही म्हणून चेन (एकमेकांवर अवलंबून असलेल्या घरांच्या व्यवहारांची साखळी) तुटली असेल, तर तो काही महिने भाड्याने राहायला तयार आहे का हे विचारायचं आणि उत्तराला दोन आठवड्यांची मुदत घालायची. दुसऱ्याने जास्त बोली लावली असेल, तर आपला वरचा आकडा एकदाच सांगून विषय संपवायचा. सर्व्हेत खचणारा पाया किंवा भिंतीला लागून जपानी नॉटवीड (झपाट्याने पसरणारं तण) निघालं असेल, किंवा लीजची (भाडेपट्ट्याची) उरलेली मुदत ८० वर्षांच्या खाली आली असेल, तर घर हातून गेलं हेच बरं, कारण पुढच्या खरेदीदाराची बँकही तिथेच अडू शकते.

बँकेने घराची किंमत कमी धरल्यामुळे मोडत असेल, तर तुम्ही कागद-पेन घ्यायला सांगता. तो हिशोब आम्ही इथे तसाच देतो. ठरलेली किंमत ४,००,००० पौंड, आपले १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि कर्ज ३,६०,०००. बँकेच्या माणसाने किंमत धरली ३,८०,०००. आता कर्ज त्याच्या ९० टक्के, म्हणजे ३,४२,०००. सेलर ४ लाखांवर अडून बसला तर आपल्याला ४०,००० ऐवजी ५८,००० घालावे लागतील. हा १८,००० चा खड्डा कोणी भरायचा, एवढाच खरा वाद आहे. सेलरने किंमत उतरवायची, दोघांनी फरक वाटून घ्यायचा, दुसऱ्या बँकेकडे जायचं, किंवा बँकेकडे अपील करायचं. अपील करायचं तर त्याच भागात गेल्या सहा महिन्यांत विकल्या गेलेल्या, त्याच आकाराच्या तीन घरांच्या किमती जोडायच्या. लँड रजिस्ट्रीवर त्या कोणालाही बघता येतात. जाहिरातीतल्या किमती चालत नाहीत. विकली गेलेली किंमतच लागते. नुसतं “आमच्यावर अन्याय झाला” असं लिहिलेलं अपील कोणी उघडूनही बघत नाही.

मग तुम्ही एक मेल लिहून घेता. ताई, तुमच्या त्या चार ओळींनी किती जणांचे पैसे वाचले असतील! सॉलिसिटरला त्याच दिवशी लिहायचं: “व्यवहार थांबला आहे. कृपया पुढचं काम आजपासून थांबवा, पण फाईल बंद करू नका. आजवर झालेल्या कामाचा हिशोब पाठवा. कोणते सर्च मागवले आहेत, कोणते आलेले नाहीत आणि त्यांतले कोणते रद्द होऊ शकतात ते कळवा.” प्रत्येक वाक्यामागे कारण आहे. काम थांबवा असं लेखी सांगितलं नाही, तर सॉलिसिटर कागद तपासत राहतो आणि बिल वाढत राहतं. फाईल बंद झाली, तर सेलर पंधरा दिवसांनी परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून पैसे मोजावे लागतात. सर्च आपल्या नावाला नसतो, त्या घराला असतो. काउन्सिलचा, पाण्या-ड्रेनेजचा आणि पर्यावरणाचा सर्च बँका साधारण सहा महिने धरतात. त्यामुळे तेच घर परत आलं तर ते कामाला येतात, दुसऱ्या घराला नाही.

“नो कम्प्लीशन, नो फी” म्हणजे काहीच द्यायचं नाही, हा समजही तुम्हीच दूर केलात. त्यात सॉलिसिटरची स्वतःची फी माफ होते, बाहेर भरलेले सर्चचे पैसे द्यावेच लागतात. सर्व्हेयर अजून घरी गेला नसेल तर त्याला लगेच फोन करायचा, रक्कम पूर्ण किंवा थोडी कापून परत मिळू शकते. गेला असेल तर गेली. होम बायर्स प्रोटेक्शन इन्शुरन्स काढलेला असेल तर क्लेम टाकायचा. मात्र हा विमा व्यवहाराच्या अगदी सुरुवातीलाच काढावा लागतो, आणि आपण आपल्या मनाने माघार घेतली तर तो काही देत नाही. बिल्डरच्या नव्या घराला रिझर्व्हेशन फी भरली असेल आणि बिल्डर न्यू होम्स क्वालिटी कोडमध्ये (नवी घरं विकणाऱ्या बिल्डरांच्या नियमावलीत) असेल, तर १४ दिवसांच्या आत माघार घेतल्यास ती पूर्ण परत मिळते.

मॉर्गेजबद्दल तुमचा एकच आग्रह: रागाच्या भरात बँकेला फोन करून कर्ज रद्द करू नका. आधी ब्रोकरला विचारा. बऱ्याच बँका तोच अर्ज दुसऱ्या घरावर फिरवू देतात. नवं व्हॅल्युएशन लागतं, पण ठरलेला व्याजदर टिकण्याची शक्यता असते. ऑफर बहुधा तीन ते सहा महिने चालते, म्हणून तिची शेवटची तारीख समोर लिहून ठेवायची. प्रॉडक्ट फी (निवडलेल्या कर्जयोजनेची फी) कर्जात घातली असेल तर कर्ज न उचलल्यास ती बहुतेक लागत नाही. आगाऊ भरलेली बुकिंग फी आणि झालेल्या व्हॅल्युएशनचे पैसे मात्र येत नाहीत. नवा अर्ज केला की क्रेडिट रिपोर्टवर नवी नोंद पडते, म्हणून घाबरून चार बँकांत अर्ज टाकायचे नाहीत.

इथेच परदेशात राहणाऱ्याचं गणित वेगळं होतं, आणि ते तुमच्याइतकं कोणी बघत नाही. मॉर्गेजच्या ऑफरशेजारी तुम्ही व्हिसाची तारीख लिहायला लावता. काही बँकांना व्हिसावर ठरावीक मुदत शिल्लक हवी असते. पहिल्या अर्जाच्या वेळी ती होती, सहा महिने व्यवहारात गेले आणि दुसऱ्या अर्जाच्या वेळी ती पुरत नाही, असं होतं आणि माणूस चक्रावून जातो. ईव्हिसाचा शेअर कोडही (दुसऱ्याला आपला व्हिसा तपासता यावा म्हणून काढायचा कोड) ९० दिवसांनी संपतो, नवा काढून द्यावा लागतो.

पैशांचंही तसंच. सॉलिसिटरच्या क्लायंट अकाउंटला रक्कम गेली असेल तर ती ज्या खात्यातून गेली तिथेच परत मागायची, आणि खातं क्रमांक मेलवर आला-गेला तर माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. मेल हॅक करून खातं बदलण्याची चोरी याच टप्प्यावर होते. लाइफटाइम आयसाचे (सरकारी बोनस मिळणाऱ्या बचत खात्याचे) पैसे काढले असतील तर ते सॉलिसिटरकडूनच आयसाच्या कंपनीकडे परत गेले पाहिजेत. स्वतःच्या खात्यात घेतले की २५ टक्के दंड: आपले ४,०००, सरकारचे १,०००, मिळून ५,००० मधून १,२५० कापून हातात ३,७५०. म्हणजे बोनस तर जातोच, घरचेही २५० जातात.

आई-बाबांनी भारतातून पाठवलेल्या पैशांबाबत तुम्ही बँकेचा ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवताना भरलेला) काढून बघायला सांगता. त्यात कारण “भेट” लिहिलं असेल तर पैसे आता मुलाचे, ते इथे ठेवता येतात. पण घरावर आई-बाबांचंही नाव लागणार म्हणून “परदेशात मालमत्ता खरेदी” असं लिहून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) पाठवले असतील, तर न वापरलेली रक्कम १८० दिवसांत भारतात परत न्यावी लागते. हे भारतातल्या सीएकडून लगेच तपासून घ्यायचं. पैसे पाठवताना बँकेने आगाऊ घेतलेला कर, म्हणजे टीसीएस, व्यवहार मोडला म्हणून बँक परत देत नाही, तो आई-बाबांनी आयकर विवरणपत्रात मागायचा. गिफ्ट लेटर, त्यांच्या खात्याचे उतारे, पैसे आल्याची पावती हे सगळं एका फोल्डरमध्ये जपून ठेवायचं, कारण पुढच्या घराला सॉलिसिटर तेच पुन्हा मागणार. आणि रक्कम मोठी असेल तर एकाच बँकेत नको. १ डिसेंबर २०२५ पासून ठेवींचं संरक्षण माणशी, बँकेमागे १,२०,००० पौंड आहे.

भाड्याच्या घराची नोटीस एक्स्चेंजआधी द्यायची नाही, हे तुम्ही सुरुवातीलाच सांगता. ज्यांनी दिलेली असते त्यांना त्याच दिवशी मालकाला लिहायला लावता. इंग्लंडात १ मे २०२६ पासून भाडेकरूने सहसा दोन महिन्यांची नोटीस द्यायची आहे, आणि दिलेली नोटीस मालकाच्या संमतीने मागे घेता येते. ती संमती लेखी घ्यायची. मुलांच्या शाळेचा अर्ज नव्या पत्त्यावर केला असेल तर काउन्सिलला कळवायचं, कारण बरीच काउन्सिलं एक्स्चेंज झाल्याशिवाय नवा पत्ता धरतच नाहीत. इंग्लंडात अर्जाची शेवटची तारीख सेकंडरीची ३१ ऑक्टोबर, प्रायमरीची १५ जानेवारी.

आणि आई-बाबांना सांगणं. याला फॉर्म नाही, पण तुम्ही याचंही वाक्य देता: “घर मिळालं नाही, पैसे बुडालेले नाहीत, कोणी फसवलेलं नाही.” याच क्रमाने. भारतातून ऐकणाऱ्याला व्यवहार मोडला म्हणजे बिल्डर पळाला असंच वाटतं, आणि मग रात्रभर फोन चालू राहतात. वास्तुशांतीचा मुहूर्त आणि त्यांची तिकिटं एक्स्चेंजनंतरच काढा, हा तुमचा सल्ला ऐकताना कठोर वाटतो. रद्द केलेल्या तिकिटांपेक्षा जमलेल्या पाहुण्यांना उत्तरं देणं त्यांना जास्त लागतं, हे तुम्ही ओळखलंत म्हणून तो सल्ला आम्हाला मायेचा वाटतो.

पुढच्या घराच्या वेळी तुम्ही दोन गोष्टी आधी करून घेता. चेन किती लांब आहे आणि त्यात कोणाचं मॉर्गेज अजून मंजूर नाही, हे एजंटकडून लेखी घ्यायचं. आणि सेलर तयार असेल तर दोन-चार आठवड्यांचं लॉक-आउट अ‍ॅग्रीमेंट करायचं, म्हणजे तेवढ्या मुदतीत तो दुसऱ्याशी बोलणी करू शकत नाही. तो विकायला बांधला जात नाही, हेही तुम्ही न विसरता सांगता. त्याच वेळी भारतात नावावर फ्लॅट आहे का हेही विचारता, कारण जगात कुठेही घर असलं तरी इंग्लंडात पहिल्या घराची सवलत मिळत नाही आणि स्टॅम्प ड्यूटीवर ५ टक्के जादा लागू शकतात. नाशिकच्या फ्लॅटमुळे इथला हिशोब बदलतो हे एजंट कधी सांगत नाही.

ताई, या सगळ्यासाठी मनापासून धन्यवाद. तुमच्या मेलच्या त्या चार ओळी आम्ही मराठी आणि इंग्रजी दोन्हीत टाईप करून ठेवल्या आहेत, आणि नवीन कोणाचा फोन आला की आधी त्या पाठवतो. त्यामुळे तुमच्या संध्याकाळच्या फोनमधले निदान काही तरी कमी व्हावेत, अशी इच्छा आहे. गणपतीत मंडळाच्या आरतीला याल तेव्हा प्रत्यक्ष भेटूच.

आपल्या ऋणात,
तुमच्या फोनवरची काही मराठी कुटुंबं