मालक कुठला, एवढ्यावर तुलना होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परकीय मालकीच्या आणि देशी मालकीच्या कंपन्यांच्या कामगिरीची तुलना करणारा लेख आपल्या अर्थविषयक पानावर नुकताच वाचला. नागपूर परिसरातील देशी उद्योग नफ्याच्या टक्केवारीत मागे पडतात, असा त्याचा एकूण रोख होता. हिंगणा आणि बुटीबोरी येथील कारखान्यांचे हिशेब तपासण्यात माझी तीसएक वर्षे गेली, म्हणून हे पत्र. लेखातील आकडे चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. ज्या दोन गोष्टी त्यांनी शेजारी-शेजारी मांडल्या, त्या एका मापाच्या नाहीत एवढेच माझे म्हणणे आहे.

मुळात परकीय म्हणायचे कोणाला? कंपनी कायदा, २०१३ नुसार जिची नोंदणीच भारताबाहेर झाली ती विदेशी कंपनी. त्या अर्थाने हिंदुस्थान युनिलिव्हर किंवा मारुती सुझुकी या भारतीय कंपन्या ठरतात; त्यांचे निम्म्याहून अधिक भाग (शेअर) परदेशातील मूळ कंपनीकडे असले तरी प्राप्तिकर त्या देशी कंपनीच्याच दराने भरतात. उलट रिझर्व्ह बँक थेट परकीय गुंतवणुकीच्या कंपन्यांचा आढावा घेते, तेव्हा परदेशी गुंतवणूकदाराकडे १० टक्के भाग असले तरी कंपनी त्या यादीत जाते. लेखकाने यांपैकी कोणती व्याख्या घेतली, हे लेखात कुठेच सांगितलेले नाही.

बुटीबोरीतच पाहा. पॉलिस्टर धागा तयार करणारी इंडो रामा सिंथेटिक्स २०१९ मध्ये थायलंडच्या इंडोरामा व्हेंचर्सच्या ताब्यात गेली. दोन्हीकडे घराणे लोहियांचेच, एक भाऊ भारतात आणि दुसरा बँकॉकला. कारखाना होता तिथेच राहिला, कंपनी मात्र तक्त्यातल्या एका रकान्यातून उठून दुसऱ्या रकान्यात जाऊन बसली. आता तिचा नफा वाढला किंवा घटला, तर त्याचे माप परकीय व्यवस्थापनाच्या पदरात घालायचे, की खनिज तेलापासून बनणाऱ्या कच्च्या मालाच्या भावाकडे बोट दाखवायचे? शिवाय परदेशी गुंतवणूकदार सहसा चालती गाडी बघूनच पैसे लावतो. विकत घेण्याआधीच जी कंपनी इतरांपेक्षा बरी होती, ती नंतरही बरी राहिली, यावरून मालकाच्या देशाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आमच्या नागपूरकरांना हे नव्याने सांगायला नको. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली. भांडवल देशी आणि यंत्रे विलायती असलेल्या या गिरणीने सूतकताईच्या नव्या, रिंग पद्धतीच्या चात्या लवकर स्वीकारल्या. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या मात्र पुढेही बराच काळ कताईच्या जुन्या म्यूल यंत्रांनाच धरून राहिल्या. म्हणजे नवे तंत्र आधी कोण उचलतो, हे मालकाच्या देशावरून ठरत नाही.

आता प्रत्यक्ष ताळेबंदाकडे येतो. नावे अर्थातच देणार नाही. एकाच वर्षी माझ्याकडे दोन कारखान्यांची कागदपत्रे होती. दोघेही सुटे भाग बनवणारे, उलाढाल जवळपास सारखी. एक परदेशी कंपनीची उपकंपनी, दुसरा हिंगण्यातील एका कुटुंबाचा. व्याज आणि घसारा (यंत्रे-इमारतींची झीज) वजा करण्यापूर्वी दोघांच्या नफ्यात फारसे अंतर नव्हते. पण उपकंपनीवर बँकेचे कर्ज जवळजवळ नव्हतेच, कारण खेळते भांडवल मूळ कंपनीकडून आले होते. कुटुंबाच्या कारखान्याचे सीसी, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचे, खाते वर्षभर मर्यादेला टेकलेले, आणि त्यासाठी मालकाचे राहते घर तारण. व्याजाची ती एकच ओळ वजा झाली, की खालचा आकडा निम्म्यावर येतो. तो आकडा तक्त्यात गेला म्हणजे त्याला 'देशी व्यवस्थापनाची अकार्यक्षमता' असे नाव पडते.

गंमत म्हणजे याच्या नेमके उलटही घडते. उपकंपनी मूळ कंपनीला रॉयल्टी, म्हणजे तिचे तंत्रज्ञान किंवा नाव वापरण्याचा मोबदला, देते, तेव्हा तो खर्च धरला जातो आणि येथील नफा तेवढा कमी दिसतो. डिसेंबर २००९ पर्यंत तंत्रज्ञानासाठीच्या रॉयल्टीला देशांतर्गत विक्रीच्या ५ आणि निर्यातीच्या ८ टक्क्यांची मर्यादा होती. त्यापलीकडे सरकारची परवानगी लागे. ती मर्यादा पुढे उठली. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मूळ कंपनीसारख्या संबंधित कंपन्यांना रॉयल्टी देणाऱ्या, शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांनी दर चारपैकी एका वेळी निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम रॉयल्टीपोटी दिल्याचे आढळले. म्हणजे नफ्याची टक्केवारी परकीय कंपनीच्या बाबतीतही पूर्ण खरे बोलत नाही.

वर सांगितलेले सीसी खाते मर्यादेला का टेकले होते, तेही सांगितले पाहिजे. त्या कारखान्याचे बिल एका मोठ्या ग्राहकाकडे ११० दिवस अडकले होते आणि तो ग्राहक अस्सल देशी होता. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम लागू झाल्यावर मुदतीत न दिलेल्या रकमेची करपात्र उत्पन्नातून त्या वर्षी मिळणारी वजावट जाऊ लागली, तेव्हा कुठे पहिल्या वर्षीच्या ३१ मार्चला संध्याकाळी त्या ग्राहकाचे पैसे खात्यात आले. मालकाने मला फोन करून ही बातमी दिली, ती लॉटरी लागल्याच्या आवाजात! स्वतःच्याच पैशांबद्दल.

यापुढे अशी तुलना छापताना एकाच उद्योगातील आणि सारख्या उलाढालीच्या कंपन्या घ्याव्यात, नफा व्याज, घसारा आणि रॉयल्टी यांच्या आधीचा धरावा आणि पुरवठादारांची थकबाकी असा एक रकाना जोडावा, अशी विनंती आहे. माहिती मिळणे अवघड नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कोणत्याही कंपनीचे वार्षिक हिशेब पाहता येतात. फक्त देण्यांच्या मुदतवार तक्त्यावर विसंबू नये. त्यात मुदत उलटून एक वर्ष होईपर्यंतची सगळी थकबाकी एकाच रकान्यात पडते आणि आमच्या हिंगण्याचे ११० दिवस तिथे दिसतच नाहीत. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या थकीत रकमेची आणि तिच्यावरील व्याजाची स्वतंत्र टीप जोडपत्रांत असते, ती वाचावी.

आपला,
एक सनदी लेखापाल, प्रतापनगर, नागपूर