सुभेदारकाका, तुम्ही आईचा हात पाहिलात

आदरणीय सुभेदारकाका,
सादर नमस्कार.

येत्या रविवारी तुम्ही आपल्या माजी सैनिक संघाचं अध्यक्षपद सोडताय, असं आईने फोनवर सांगितलं आणि पुढे तिला बोलवेना. समारंभात शाल-श्रीफळ होईल, भाषणं होतील. माझ्याने चार लोकांत उभं राहून बोलणं होणार नाही. मध्येच रडू येईल. म्हणून हे पत्र.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतले. अठराव्या वर्षी बेळगावला भरती झाले, एकाहत्तरची लढाई पाहिली आणि हवालदार होऊन घरी आले. ते पलटणीत असताना आणि नंतरही आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. बी फुटली की टरफलातलं तेल बोटांवर येतं. राख चोळा, खोबरेल लावा, कातडी जळायची ती जळतेच. आधी काळी पडते, मग सोलते. तीस वर्षं हे चाललं. आम्हा चौघा भावंडांची शाळा त्या बोटांवर झाली, आणि त्या बोटांवर आता एक रेघ शिल्लक नाही.

बाबा गेल्यापासून त्यांच्या पेन्शनसाठी तिला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो बोटाच्या ठशावर देता येतो. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांची त्याने सोय झाली, हे मी मानते. पण आईचा ठसा उमटेना. खिडकीवरच्या मुलाने तिचा अंगठा धरून यंत्रावर दाबला, पुसला, परत दाबला. “आजी, मशीनला तुम्ही दिसतच नाही,” असं तो म्हणाला, आणि रांगेतले हसले. तीन खेपा झाल्या. बसायला कोणी खुर्ची दिली नाही, दुसरी काही वाट आहे का तेही सांगितलं नाही. चौथ्यांदा ती गेलीच नाही. पेन्शन थांबली आणि तिने आम्हाला कळवलंसुद्धा नाही. दुकानात उधारी ठेवून, रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊन ती राहिली.

तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दर 15 ऑगस्टला बाबांच्या तसबिरीला हार घालून फोटो काढून घेणारे जे पुढारी आहेत, त्यांच्या दारीही ती जाऊन आली होती. “बघू” एवढंच म्हणाले.

तुम्हाला तर कोणी सांगितलंही नव्हतं. दोन महिने वैनी कॅन्टीनचं सामान न्यायला आल्या नाहीत, एवढंच तुमच्या ध्यानात आलं. स्कूटर खाली रस्त्यावर लावून, गुडघा दुखत असताना पाणंद चढून तुम्ही आमच्या खळ्यात आलात. शिमग्याला मी घरी होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं.

तुम्ही कागद मागितले नाहीत. पेन्शनचं काय झालं, हेही आधी विचारलं नाही. आई हात पदराखाली लपवून बसली होती. त्या खिडकीपासून तिला ती सवयच लागली होती. तुम्ही म्हणालात, “वैनी, हात दाखवा बघू.” तिने भीत भीत पुढे केला. तुम्ही तो दोन्ही हातांत घेतलात, उताणा केलात, एकेका बोटावरून अंगठा फिरवलात आणि बराच वेळ गप्प राहिलात. मग हळूच म्हणालात, “माझ्या आवशीची बोटां अशीच होती. काजूच्या तेलान खाल्लेली.”

आई तेव्हा रडली. बाबा गेले त्यानंतर मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

पुढचं काम तुम्ही तुमच्या मोबाइलवर केलंत. चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो, ही सोय 2021 पासून आहे म्हणे. आईला पापण्या मिटायला सांगितल्यात, उघडायला सांगितल्यात, आणि झालं! थांबलेले पैसे जमा व्हायला काही दिवस लागले, ते सगळं आता सांगत बसत नाही. पण त्या संध्याकाळी आईने दोन्ही हात उघडे ठेवून चहा ओतला.

काका, तुम्ही संघाचं पुष्कळ केलंत. वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या नोकरीला सारखी पेन्शन मिळावी म्हणून, 2015 च्या उन्हाळ्यात दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसलात. शाळेतल्या मुलांना माणगावला नेऊन नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा दाखवलात. आपल्या कोकणातला हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी इटलीत एकटा मशीनगनवर चालून गेला, हे आमच्या पोरांना तुमच्यामुळे ठाऊक आहे. विजय दिवसाला पहिलं पुष्पचक्र पुढाऱ्याच्या हातून न वाहता एखाद्या जवानाच्या विधवेच्या हातून वाहण्याची रीतही तुमचीच. तरीही मला विचाराल, तर या सगळ्याच्या वर मी तुमचं ते गप्प बसणं ठेवीन. चांगुलपणा असाच असतो, काका. समोरच्या माणसाला लाज वाटू न देता तो जवळ येऊन बसतो. पलटणीने तुम्हाला तो शिकवला की तुमच्या आवशीने, मला सांगता येणार नाही. तिलाही माझा नमस्कार.

रविवारी आई येणार आहे. तिचा एक निरोप आहे, तो लिहिते. नोव्हेंबरात ती नव्या अध्यक्षांकडेच जाईल, कुरकुर करणार नाही. फक्त त्या दिवशी तुम्ही बाजूच्या खुर्चीवर बसायला या.

तुमची,
हवालदारांची धाकटी