ओव्हरड्राइव्हसाठी इंजिन उतरवू नकोस

कॉव्हेंट्री,
रविवार

प्रिय अनिरुद्ध,

तुझं पत्र मिळालं. ओव्हरड्राइव्हच्या दुरुस्तीसाठी इंजिन उतरवायला गॅरेजवाल्याला शनिवारी होकार देणार म्हणतोस, म्हणून हातातलं काम टाकून लिहितोय. थांब जरा. तुझ्या एमजीबी स्पोर्ट्स कारचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेलं, इंजिनचे फेरे कमी करणारं यंत्र, काढायचं तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकदमच बाहेर काढावे लागतात. खड्ड्यातून गेलं की ओव्हरड्राइव्ह सुटतो आणि गिअरचा दांडा मागे ओढून धरला की पुन्हा लागतो, हे तूच लिहिलंयस. एवढ्यावरून मला तरी संशय वायरिंगचाच येतो.

तुझी गाडी १९७२ ची, म्हणजे एलएच प्रकारचा ओव्हरड्राइव्ह. सर्किट साधं आहे: इग्निशन, तुझ्या हाताखालचा स्विच, गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच, सॉलेनॉइड (ओव्हरड्राइव्ह लावणारं विद्युतचुंबक), आणि तिथून बॉडीला अर्थिंग. आधीच्या डी प्रकारात रिले (विजेने चालणारा मधला स्विच) असायचा, त्यामुळे त्या गाड्यांचा आराखडा बघून रिले शोधत बसू नकोस.

इंजिन बंद, इग्निशन चालू, चौथा गिअर. हाताखालचा स्विच चालू कर आणि दांड्याजवळ कान लाव. बारीकशी टिक ऐकू यायला हवी. मग गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या पिवळ्या तारेचा जोड सोडवून मध्ये अँमीटर लाव. सगळं ठीक असेल तर दोन अँपिअरच्या आसपास दिसेल. आता दांडा हलव. काटा पडला तर चोर सापडला: गिअरबॉक्सवरचा स्विच. त्याच्याखाली पातळ वॉशर असतात. ते जास्त झाले की स्विच पुरता दाबला जात नाही. एखादा काढून बघ. तिथल्या तारा गिअरबॉक्सवरच्या बोगद्याच्या पत्र्याला घासून सोललेल्या नाहीत ना, तेही बोटांनी चाचपून बघ.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. सॉलेनॉइडची तार सुटी करून व्होल्टेज मोजलंस तर हिरवा कीट चढलेल्या जोडातूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतील, कारण तेव्हा प्रवाहच वाहत नसतो. तार जोडलेली ठेवूनच मोज. अर्थिंगचंही तसंच. गिअरबॉक्स रबरावर बसलेला असतो, त्यामुळे बॉडीला जोडणारी पट्टी ढिली असेल तर परतीचा रस्ताच तुटतो. क्लचचं काम झाल्यावर ती पट्टी परत लावायची राहून जाते, म्हणून आधी ती बघ.

दोन अँपिअर स्थिर येत असूनही ओव्हरड्राइव्ह लागत नसेल, तर तेलाची पातळी आणि गाळणी. दोन्ही कामं खालूनच होतात. तेल इंजिनचंच, २०डब्ल्यू-५०. ईपी (जादा दाबासाठीचं) गिअर ऑइल चुकूनही घालू नकोस. आणि ओव्हरड्राइव्ह कधी अडकून बसला, सुटेचना, तर रिव्हर्स घेऊ नकोस. आतला एकदिशा क्लच तुटतो. मग मात्र खरंच इंजिन उतरवावं लागेल.

तुझ्याच शेफील्डमध्ये, लेकॉकच्या कारखान्यात बनलेलं यंत्र आहे हे, आणि एका लूज कनेक्शनपायी त्याला निकामी ठरवलेलं मला बघवत नाही. एम वन मोटरवेवर ताशी सत्तर मैलांच्या वेगाला ३,९०० आरपीएमवर ओरडणारं इंजिन ३,२०० वर येतं तेव्हा गाडीत बोलता येतं रे!

अँमीटरचा आकडा, दांडा हलवण्याआधीचा आणि नंतरचा, शुक्रवारपर्यंत कळव. गरज पडली तर जॅक आणि टेस्ट लॅम्प घेऊन मीच येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास