वरच्या खोलीतल्या भाडेकरूचे जाहीर आभार

प्रिय वरच्या खोलीवाल्या,

फोनवर आभार मानायला गेलो की तू "काका, सोडा हो" म्हणतोस आणि पुण्याच्या पावसाचं काढतोस. म्हणून माझ्या कॉम्प्युटरचं तापणारं ग्राफिक्स कार्ड थंड केलंस, त्याबद्दलचं हे पत्र सगळ्यांसमोर. लग्नाचे व्हिडिओ करणारे इंदुरात पुष्कळ आहेत, त्यांच्याही कामी पडेल.

मागचा मे आठव. चार लग्नं एडिटिंगला पडलेली आणि सुदामानगरातल्या आपल्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी ३८ अंश. माळव्याची रात्र थंड, असं जग म्हणतं, त्या भरवशावर मी एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं, रात्री लावायचो. तरी अर्ध्या तासात ग्राफिक्स कार्डाचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे ओरडायला लागायचे आणि काम रांगायला लागायचं. कार्ड जुनंच, जीटीएक्स १०७०, २०१६ सालचं मॉडेल, तेही मी वापरलेलं घेतलेलं. मी सिल्व्हर मॉलला जाऊन कार्डाला पाण्याचा कूलर बसवायचा भाव काढून आलो. कागद टेबलावर होता. तू पाण्याची मोटर बंद करायला खाली आलास आणि तो कागद वाचलास. विचारलं नव्हतं, तरी वाचलास, हे बरं झालं.

तुझा पहिलाच प्रश्न मला अडवून गेला. "काका, चिपवर पाणी फिरेल, पण मेमरी आणि व्हीआरएम कोण थंड करणार?" व्हीआरएम म्हणजे चिपला वीज नेमून देणारा कार्डावरचा भाग. मला तर कार्डात एकच वस्तू तापते असं वाटायचं. तू सांगितलंस की पाण्याचा ब्लॉक फक्त मधल्या चिपवर बसतो. पाण्याचा कूलर कार्डावर पकडून ठेवणाऱ्या क्रॅकन जी१२सारख्या ब्रॅकेटला ९२ मिलिमीटरचा एक छोटा पंखा येतो, तो व्हीआरएमवर वारा घालतो. मेमरीच्या तुकड्यांना वेगळे हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणारे धातूच्या पट्ट्यांचे ठोकळे, चिकटवावे लागतात. आणि गरम पाणी थंड करणारा रेडिएटर शेवटी खोलीतल्याच हवेत उष्णता सोडणार, ३८च्या खाली काही जाणार नाही.

मग मी हवेच्या मोठ्या कूलरवर आलो. मॉर्फियस नावाच्या कूलरचं कुठूनतरी ऐकलं होतं. उष्णता वाहून नेणाऱ्या बारा नळ्या (हीट पाइप), ३६० वॉटपर्यंतची क्षमता, पंखे आपले आपण घ्यायचे. तू म्हणालास, "तुमचं कार्ड १५० वॉटचं आहे. आणि हा बसवला तर खालचं कॅप्चर कार्ड कुठे ठेवणार?" मोजायची टेप लावून दाखवलंस. खरंच जागा नव्हती.

तोवर तू कार्डाला हातही लावला नव्हतास. मग कॅबिनेटचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याचं, बाजूचं झाकण काढलंस, समोर आमचा टेबलफॅन लावलास आणि एक्स्पोर्ट सुरू केलंस. चिपचं तापमान ८४ अंशांवरून ८१. एवढंच. म्हणजे कॅबिनेटात हवा कमी पडत नव्हती. मग पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यात हीटसिंकच्या पट्ट्यांना बोट लावलंस आणि माझंही लावायला लावलंस. चिप ८१वर आणि पट्ट्या कोमट! उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नव्हती, तर त्यावर कितीही वारा घालून काय उपयोग? या कार्डाची कमाल मर्यादा ९४ अंश, पण ते ८३च्या आसपासच वेग कमी करायला लागतं, हेही तेव्हाच कळलं. मी उगाच सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो.

उघडल्यावर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता पोचवणारी पेस्ट दोन दिवसांच्या मेंदीसारखी सुकून पोपडे धरलेली. मेमरीची उष्णता हीटसिंकला देणारे मऊ पॅड तेलकट, हात लावला की तुटणारे. जुनी पेस्ट पुसून नवी लावलीस. चार स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे फिरवलेस, कारण चिप उघडी असते, एका कोपऱ्यावर भार आला तर टवका उडतो.

आणि इथे तू चुकलास. (लिहितोय, रागावू नकोस.) बाजारात दीड मिलिमीटरचेच पॅड मिळाले, मूळचे एकचे होते, तू म्हणालास दबतील. दबले नाहीत. दोन मिनिटांत ९१ अंश! मी घाबरून स्विच काढला. रात्रीचे साडेअकरा. तू परत उघडलंस आणि चिपवरची पेस्ट मला दाखवलीस: एका कडेला नीट पसरलेली, दुसरीकडे जशीच्या तशी. जाड पॅडनी हीटसिंक चिपपासून उचलून धरलं होतं. "माझी चूक, काका," असं सरळ म्हणालास. एक मिलिमीटरचे पॅड यायला दोन दिवस लागले, त्यात एका वधूपित्याचे माझ्याकडे सहा फोन आले. ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही.

पॅड आल्यावर कार्डाचे खडखडणारे पंखे आणि प्लास्टिकचं झाकण काढून टाकलंस. त्याच हीटसिंकवर १२० मिलिमीटरचे दोन साधे पंखे झिप टायने बांधलेस आणि छोटी पिन जोडून कार्डालाच लावलेस, म्हणजे वेग कार्ड ठरवेल. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो, हे मला आवाज बंद झाल्यावर पटलं. आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं व्होल्टेजही थोडं उतरवलंस, त्याला तर पैसाच लागत नाही. त्याच खोलीत, तशाच दुपारी ७१ अंश. दिसायला अगदी जुगाड, आमच्या हिने "हे काय पोतं बांधल्यासारखं" म्हटलंच. पण सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत.

भाड्यात पाचशे कमी करतो म्हटलं तर तू लगेच हो म्हणालास. तेही मला आवडलं, उगाच नको-नको केलं नाहीस.

आता आभार मानता मानता एक कामही सांगतो. देवासच्या एका फोटोग्राफरचं कार्ड आलंय, एकाच पंख्याचं. पेस्ट बदलली, टेबलफॅन लावून पाहिला, बोट लावून पाहिलं. पट्ट्या चांगल्या चटका देतात, म्हणजे उष्णता पोचतेय, हीटसिंकच लहान आहे. याला बाहेरचा कूलर लागणार असं मला वाटतं. चिपभोवतीच्या चार भोकांमधलं अंतर मोजून ठेवलंय, रात्री फोटो पाठवतो. कोणता बसेल ते बघून सांग.

तुझा,
खालचे काका